टाकीतलं विरजण

४ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

नमस्कार. फोनवर मी मध्येच बोलते अशी तुमची तक्रार असते, म्हणून लिहिते आहे. कागदावर मला कोणी अडवत नाही आणि तुम्हालाही शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

तुम्ही निवृत्त झालात आणि तेलाचं कोठार माझ्याकडे आलं, त्याला चार महिने झाले. कारखान्यात मला अजून कोणी नावानं हाक मारत नाही, मी ‘नाकोबांची भाची’. तुमची खुर्ची आहे, तुमचा चष्म्याचा रिकामा डबाही आहे. आणि खिडकीखाली संत्र्याच्या तेलाची ती मोठी टाकी आहे, तिच्यावर तुम्ही लाल रंगानं ओढलेली रेघ आहे. या रेघेखाली तेल उतरू द्यायचं नाही. वीतभर जुनं तेल तळाशी राखायचं आणि नव्या पिंपातलं त्यावर ओतायचं. सगळे त्याला नाकोबांचं विरजण म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात.

मामा, ते विरजण मला काढून टाकायचं आहे. आडवळणानं सांगायला मला जमत नाही, तुमच्याच घरात वाढले.

कारण भरणीवाल्या ताईंचे हात. टाकीच्या नळाखाली बाटल्या भरायचं काम त्या चौदा वर्षं करतात, तुम्हीच त्यांना शिकवलंत. त्यांच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आहेत आणि तळवे इतके लाल की भाजल्यासारखे दिसतात. बाटलीचं झाकण फिरवताना त्या दात आवळतात. सगळे म्हणतात, घरच्या साबणाचं असेल. पण दिवाणखान्यातल्या पाहुण्यासारख्या नव्हे, चांगल्या राबून त्या पंधरा दिवस बहिणीकडे राहिल्या. भांडी घासली, कपडे धुतले, आणि हात बरे झाले. कामावर आल्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मग साबणावर आळ कशाला?

मी तपासणीच्या पट्ट्या मागवल्या. पट्टी तेलात बुडवायची, वाळू द्यायची, वर पाण्याचा थेंब टाकायचा. तेल हवा खाऊन बिघडलेलं असेल तर पट्टी निळी होते. परवा आलेल्या बंद पिंपातल्या तेलाला ती पांढरीच राहिली. टाकीतल्या तेलाला शाईसारखी निळी झाली. संत्र्याचं ताजं तेल बहुतेकांच्या हाताला काही करत नाही. हवेशी फार दिवस संगत झाली की त्यात नवे पदार्थ तयार होतात आणि ते कातडीला चावतात. एकदा चावले की कातडी ते विसरत नाही. आणि आपण त्या जुन्या तेलाचं विरजण प्रत्येक नव्या पिंपाला लावतो आहोत.

तुम्ही मालकांना एक ओळ लिहा, टाकी रिकामी करून धुवायला तुमची हरकत नाही म्हणून. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.

तुमची
ठमी


१० फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण एकदा वाचून विश्वास बसला नाही.

संत्रं आहे ते ठमे, विंचू नव्हे. माणसं ते पोरांना सोलून देतात, आजाऱ्याला देतात. झाडाला लागतं, सालीत तेल असतं, ते आपण पिळून काढतो. यात विष कुठून आलं? कारखान्यात पाहुणे आले की मी तळहातावर तेल ओतून खसाखसा चोळायचो आणि हात त्यांच्या नाकापुढे धरायचो. भरणीवालीलाही मीच सांगितलं होतं, हात पुसत बसू नकोस, राहू दे तेल, कातडी मऊ राहते. सत्तावीस वर्षं माझे हात त्यात होते. मला काय झालं?

आता विरजणाचं ऐक. नवं तेल किंचाळतं. वास नाकात शिरतो आणि टोचतो. त्याला तळाचं जुनं तेल मिळालं की आवाज खाली येतो, वास गोल होतो. ही गोलाई गिऱ्हाईक ओळखतं. शहरातल्या दुसऱ्या कुठल्या कारखान्यात ती मिळत नाही, कारण त्यांच्याकडे तळ नाही आणि तळ राखणारं नाकही नाही. थोरल्या मालकांनी या वासासाठी मला चारचौघांत शाल नव्हे, स्वतःची खुर्ची दिली होती, ज्या खुर्चीत तू आता बसून मला पट्ट्या दाखवते आहेस.

चार महिन्यांत तुला एवढी अक्कल फुटली असेल तर आनंद आहे. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं करू नकोस. टाकीला हात लावायचा नाही.

अक्षर वाकडं दिसलं तर पेन वाईट आहे.

मामा

(मामी कडेच्या जागेत लिहिते: ठमे, जेवणखाण वेळेवर कर. इकडे सगळं ठीक. संत्री आली आहेत पण यांना एक एक सोलून हातात द्यावं लागतं, स्वतः साल काढायचं नाव नाही. लाड झालेत.)


१७ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

संत्रं विंचू नाही, मान्य. पण एका संत्र्याच्या सालीत तेल असतं थेंबभर, आणि टाकीत काही लाख संत्र्यांचं आहे. एक मधमाशी आणि अख्खं पोळं यांत फरक असतो, हे तुम्हीच मला एकदा पळता पळता सांगितलं होतंत.

आठवतंय, वीज गेली की तुम्ही आम्हा पोरांना मेणबत्तीभोवती बसवायचात आणि संत्र्याची साल ज्योतीवर चिमटायचात? तडतड ठिणग्या उडायच्या, आम्ही टाळ्या पिटायचो. मला तेव्हापासून ठाऊक आहे की हे तेल पेटतं. आणि मी कोठारात पाऊल ठेवलं तेव्हा त्याच टाकीपासून दोन हातांवर विजेची शेगडी होती, ताईंचे पाय गारठतात म्हणून. ती मी पहिल्याच आठवड्यात बाहेर काढली. तेल पुसलेल्या चिंध्या कोपऱ्यात ढीग होऊन पडायच्या. त्यांना आता झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, तो रोज संध्याकाळी बाहेर जातो. रबरी हातमोजे हे तेल फुगवून टाकतं, म्हणून निळे नायट्राइलचे आणले. यातलं एकही मी कोणाला विचारून केलं नाही.

मालकांचा पराक्रम ऐका. मागच्या सोमवारी मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस आला होता. मालकांनी ऐटीत त्याला वास द्यायला चहाच्या थर्मोकोलच्या पेल्यात तेल ओतलं. मी नको नको म्हणेपर्यंत पेल्याचं बूड विरघळलं आणि सगळं तेल त्या माणसाच्या पँटवर. तो बिचारा दिवसभर आइसकांडीसारखा दरवळत फिरला. मालक म्हणाले, पेला वाईट होता. आपल्या कारखान्यात पेले, पेनं आणि साबण फार वाईट निघतात.

त्या माणसानं जाताना एक कागद दिला. माल कसा ठेवता, कशात ठेवता, असे प्रश्न. त्यात एक चौकट होती: टाकीत माल भरल्याची तारीख. मालक म्हणाले, शेवटचं पिंप ओतलं ती तारीख लिही. मी म्हटलं, तळाचं तेल त्या दिवसाचं नाही. मग कुठल्या दिवसाचं, असं त्यांनी विचारलं. मी तुमची जुनी वही काढली, टाकी पहिल्यांदा भरली तो दिवस शोधला आणि तीच तारीख चौकटीत लिहिली. सत्तावीस वर्षांपूर्वीची. टाकी माझ्यापेक्षा एका वर्षानं मोठी आहे.

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कागद बदल म्हणाले. मी बदलला नाही. बदलणारही नाही.

तुम्ही ज्याला गोलाई म्हणता, तो शिळेपणा आहे मामा. चांगल्या नाकाचा वाईट सवयीशी संसार झाला की शिळ्याचाही वास गोल लागतो. हे मला लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते.

ठमी


२२ फेब्रुवारी

ठमी,

मालकांचा फोन आला होता. माझ्या वहीतली तारीख तू परक्या माणसाच्या कागदावर चढवलीस. ती वही मी विश्वासानं ठेवली होती, साक्षीदार म्हणून उभी करायला नव्हे.

शिळेपणा म्हणालीस. ज्या नाकानं तुझ्या आईचं घर चाललं, तुझी फी भरली, त्या नाकाला. हा शब्द मी लक्षात ठेवीन.

मालकांनी मला विचारलं काय करावं. मला जे सांगायचं ते मी त्यांना सांगितलं आहे.

मामा


४ मार्च

मामा,

तुम्ही मालकांना काय सांगितलंत ते मला कळलं. ‘तिला कोठार झेपत नाही, हलकं काम द्या.’ त्यांनी ते तुमच्याच आवाजात मला म्हणून दाखवलं. आता मी मागच्या खोलीत लेबलं चिकटवते. लेबलावर छापलं आहे, ‘शुद्ध, नैसर्गिक, निर्धोक’. पहिले दोन शब्द चिकटवताना मला काही वाटत नाही. तिसऱ्यावर माझा अंगठा थांबतो.

माझं सोडा. मी चिकटवीन लेबलं, त्यानं माझा जीव जात नाही. पण ताईंना नोटीस मिळाली आहे. महिनाअखेर कामावरून कमी. कारण लिहिलं आहे, ‘हातांना संसर्गजन्य रोग, मालाला धोका’. चौदा वर्षं ज्या बाईनं थेंब सांडू दिला नाही, तिला आता इतर बायका पाण्याच्या माठाला हात लावू देत नाहीत. त्या माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाल्या, “जाणं मला चालेल गं. पण रोगी म्हणून कशाला घालवता?”

मी त्यांना सांगितलं, तुम्हाला घालवू देणार नाही. कशाच्या जोरावर सांगितलं ते मला माहीत नाही. तुमच्यावर भिस्त ठेवण्याची जुनी सवय, दुसरं काय.

म्हणून शेवटची गोष्ट मागते. तुम्ही लिहिलंत, सत्तावीस वर्षं माझे हात त्यात होते, मला काय झालं? ठीक. सिद्ध करा. कोठाराची किल्ली परत देण्याआधी मी दोन छोट्या बाटल्या भरून घेतल्या होत्या. एकीत बंद पिंपातलं ताजं तेल आहे, दुसरीत टाकीच्या तळाचं. दोन्ही काचेच्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, कारण वर हवा राहिली की तेल पुन्हा बिघडू लागतं. त्यांवर फक्त एक आणि दोन असे आकडे आहेत. कुठली कोणती, हे बंद पाकिटात तुमच्या गावातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंना लिहून पाठवलं आहे. त्या दोन्ही तेलं मलमात सौम्य करून पाठीवर चौकोनी पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढतात, आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघतात. घरी स्वतः काही लावून बघू नका, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे.

ताईंची तपासणी केली तर मालक म्हणतील, बाईची कातडीच रोगट. तुमच्या कातडीबद्दल असं म्हणायची त्यांची छाती होणार नाही.

पाठीवर काही उठलं नाही तर मी चुकले. मग मी त्या कागदावरची तारीख खोडीन, तुमच्या पायावर डोकं ठेवीन आणि जन्मभर लेबलं चिकटवीन. पण बाटल्या परत पाठवल्यात तर मी समजेन की तुम्हाला उत्तर आधीच माहीत आहे.

ठमी


११ मार्च

चि. ठमे,

हे मामांना न सांगता लिहिते आहे. ते बाटल्यांची पेटी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले आहेत. तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरले. चौथ्या दिवशी सकाळी सदरा चढवला आणि म्हणाले, पोरीला एकदा दाखवूनच देतो. म्हणजे गेले ते तुला खोटं पाडायला. पण जाताना दारात थबकले, हे मी पाहिलं.

तुला वाटतं ते मालकांची बाजू घेतात. मालकाशी त्यांना काय देणंघेणं? लाजतात ते ठमे. आता सांगूनच टाकते. ते निवृत्त झाले ते नाक थकलं म्हणून नाही. नाक अजून असं आहे की शेजारी दूध करपलं तर हे इथून सांगतात. हात संपले होते त्यांचे. शेवटची पाच वर्षं घरी आले की हात पाठीमागे धरून बसायचे. मी मलम लावायचे, वर जुन्या सुती मोज्यांत हात घालून ठेवायचे. सदऱ्याची बटणं मी लावायचे. कारखान्यात मात्र पाहुण्यांपुढे तेच तळवे चोळायचे. मला शपथ घातली होती, कोणाला बोलायचं नाही. सगळी माणसं हसतील म्हणाले, संत्रेवाल्याला संत्रं बाधलं म्हणून.

निवृत्त झाल्यावर हात निवळले. पण बोटांची कातडी अजून कच्ची आहे, संत्र्याची साल काढली की तडकते. मी तुला लिहिलं होतं ना लाड झालेत म्हणून. लाड नव्हेत ते. आणि पेन वाईट नाही, चांगलं आहे. बोटांना मलम लावून, वर ते जुने मोजे घालून लिहितात, म्हणून अक्षर वाकडं.

आणि ती भरणीवाली. तिला हात पुसू नको असं यांनीच सांगितलं, हे यांना चांगलं आठवतं. तुझ्या या पत्रातली तिची ‘रोगी म्हणून कशाला घालवता’ ही ओळ वाचली आणि पत्र खाली ठेवलं. चष्मा पुसला आणि पुन्हा घातला नाही.

तू चुकली नाहीस. पण त्यांच्यावर फार चढू नकोस. एवढ्या वयात माणसाला आपलीच पाठ दाखवायला सांगणं सोपं नाही.

तुझी
मामी


२० मार्च

चि. ठमीस,

आशीर्वाद वगैरे शेवटी. आधी हिशेब.

डॉक्टरीणबाईंकडे दोन्ही बाटल्या उघडल्या तेव्हा मी म्हटलं, पट्ट्या लावण्याआधी मला वास घेऊ द्या. त्या हसल्या, पण दिल्या. एक नंबर किंचाळत होता. दोन नंबर गोल, शांत, कोणाशी न भांडणारा. मी सांगितलं, दोन नंबर उत्तम. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग पट्ट्या लावल्या. दोन दिवसांनी काढल्या, आणखी दोन दिवसांनी पाहिलं. तुझ्या मामीनं मागे आरसा धरला. एक नंबरच्या जागी माझी पाठ जन्मल्या दिवशी होती तशी. दोन नंबरच्या जागी चौकोनभर लाल, वर बारीक फोड. नाकानं दोन नंबर निवडला होता, पाठीनंही दोन नंबरच निवडला. बाईंनी पाकीट फोडून दाखवलं. मी म्हटलं, दाखवू नका, वास ओळखीचा आहे.

तू मला शिळा म्हणालीस तो शब्द मी लक्षात ठेवीन असं लिहिलं होतं. ठेवला आहे. तो बरोबर होता. पण मोठ्या माणसाशी तुझी बोलायची पद्धत वाईट आहे आणि ती तशीच राहू दे.

मालकांना तुझ्याबद्दल जे बोललो, ते बोलायला नको होतं. मला भीती वाटली होती. टाकी उघडली की आत मी दिसेन, याची.

खाली मालकांना पाठवलेल्या पत्राची नक्कल जोडतो. ती भरणीवालीला वाचून दाखव, मोठ्यानं, माठाजवळ उभी राहून, बाकीच्या बायका ऐकत असताना.

तळाचं तेल मोरीत ओतायचं नाही एवढं मला कळतं. पण ते भरायचं कशात आणि द्यायचं कोणाला, ते मात्र तू सांग. आणि ते निळे मोजे मोठ्या मापाचे आणून ठेव, माझे हात तुझ्याएवढे नाहीत.

तुझा
मामा


(नक्कल)

२० मार्च

मालकांस नमस्कार.

तुमच्या वडिलांनी मला खुर्ची दिली. तिच्यावर बसून मी जे शिकवलं त्यातलं एक चुकीचं होतं, म्हणून हे पत्र.

संत्र्याच्या टाकीतलं जुनं तेल बिघडलेलं आहे. ते सत्तावीस वर्षं राखायला मी लावलं. त्यानं माझे हात गेले आणि मी ते तुमच्यापासून लपवले. सोबत कातडीच्या डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यावर माझं नाव आहे, वय आहे आणि पाठीचा फोटोही आहे. पाहायचा नसेल तरी पाहा.

भरणीवाल्या बाईंच्या हातांना संसर्गजन्य रोग नाही. त्या हातांवर माझी शिकवण उठली आहे. पुसू नको म्हणून मी सांगितलं आणि तिनं चौदा वर्षं मुकाट्यानं ऐकलं. रोग म्हणून कोणाला काढायचं असेल तर तो कागद माझ्या नावानं काढा, जुन्या तारखेनं. तिची नोटीस परत घ्या आणि तिला जिथे हे तेल हाताला लागणार नाही असं काम द्या. नाही घेतलीत, तर हाच दाखला त्या पँट भिजलेल्या गिऱ्हाइकाकडे पुढच्या टपालानं जाईल. पत्ता माझ्याकडे आहे, तो माणूस माझ्याच वेळचा आहे.

चौकटीतली तारीख माझ्या भाचीनं बरोबर लिहिली आहे. ती खोडू नका. तिच्याखाली सहीची जागा रिकामी असेल. तिथे सही तिची नको, माझी हवी. मी गुरुवारी सकाळी दहाला येतो. आधी सही करीन, मग टाकीवरची लाल रेघ माझ्या हातानं खरवडीन आणि तळ माझ्या हातानं काढीन. कसा काढायचा ते माझी भाची सांगेल आणि मी ऐकीन, म्हणून त्या दिवशी ती लेबलांच्या खोलीत नव्हे, कोठारात हवी.

फाटक उघडं ठेवा. बंद ठेवलंत तर बाहेर उभा राहीन. पाहुण्यांना हात दाखवायची मला जुनी सवय आहे, आणि आता दाखवण्यासारखे झाले आहेत.

आपला
नाकोबा